१४ जणांचा स्ट्रिंग ग्रुप, डिसेंबरचा दौरा आणि 'नाव कशानं होतं': एका व्हायोलावालीचं लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की सोलापुरात तुमचा १४ जणांचा स्ट्रिंग ग्रुप, म्हणजे व्हायोलिन-चेलोसारख्या तारवाद्यांचा ग्रुप आहे, तीन वर्षं झाली, वर्षाला दोन कार्यक्रम होतात, दरवेळी नवीन रचना बसवता, कंडक्टर नाही, आणि आता डिसेंबरमध्ये मुंबई, पुणे, जमलं तर गोवा असा दौरा काढायचाय. हे झेपेल का, कंडक्टर घ्यावा का, आणि चेंबर ऑर्केस्ट्राचं, म्हणजे अशा छोट्या वाद्यवृंदाचं, नाव नेमकं कशानं होतं, असं विचारलंय.

आधी माझी बाजू सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी मूळची सोलापूरची, अठरा वर्षं मुंबई-पुण्यात व्हायोला (व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या आवाजाचा) वाजवला, त्यातली बरीच वर्षं एका छोट्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्रात, आणि दौऱ्यांची सगळी व्यवस्थाही माझ्याच गळ्यात असायची, कारण व्हायोलावाल्यांना सोलो नसतो म्हणजे त्यांना भरपूर वेळ असतो असं सगळ्यांना वाटतं. आता इथं परत येऊन शिकवते. त्यामुळे गाड्या, खोल्या, जेवणं, खुर्च्या आणि रुसवेफुगवे यातलं मला जरा जास्त कळतं, तुम्हाला हव्या असलेल्या कीर्तीतलं थोडं कमी.

तुम्ही कौतुकानं एक ओळ लिहिलीय, 'आम्ही आजवर एकही रचना रिपीट केलेली नाही.' माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे. सहा कार्यक्रम झाले म्हणजे सहाही वेळा तुम्ही पहिलाच प्रयोग केलाय. नाटकाचा पहिला प्रयोग बघितलेला माणूस आणि पंचविसावा बघितलेला माणूस एकाच नाटकाबद्दल बोलत नसतात, हे नाटकवेड्या सोलापूरकराला मी सांगायची गरज नाही. पहिल्या प्रयोगाला सगळे जण नोटेशनच्या कागदात डोकं घालून असतात, तिसऱ्याला डोकं वर येतं, पाचव्या-सहाव्याला शेजारचा काय वाजवतोय ते ऐकू यायला लागतं, आणि चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणतात तो तिथून सुरू होतो. म्हणजे तुम्ही जिथून सुरू व्हायचं त्याच्या आधीच दरवेळी थांबताय आणि नवीन कागद उघडताय.

आमचीच गोष्ट सांगते. आमचा पहिला मोठा दौरा पाच गावांचा होता, आणि आम्ही हौसेनं मुंबई पहिली घेतली, का तर तिथं जाणकार येतात, कुणीतरी लिहील, नाव होईल. मुंबईला आम्ही नीट वाजवलं, चूक अशी झाली नाही, पण सगळे इतके घाबरलेले की चौदा माणसं चौदा वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवतायत असं वाटत होतं. मग रोज प्रवास, रोज तोच कार्यक्रम, आणि पाचव्या दिवशी एका लहान गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये, समोर साठ-सत्तर माणसं, त्यात निम्मी पोरं सतरंजीवर, तिथं एल्गर या इंग्रज रचनाकाराच्या सेरेनेड नावाच्या रचनेचा मधला भाग असा काही लागला की संपल्यावर आमच्यातलं कुणीच बो, म्हणजे वाजवायचा गज, खाली घेईना. ते ऐकायला मुंबईचं कुणीही नव्हतं. परतीच्या गाडीत आमचा चेलोवाला म्हणाला, आपण दौरा उलटा केला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दौऱ्यात कार्यक्रम पिकतो, आणि पिकलेला कार्यक्रम घेऊन मग मोठ्या शहरात जायचं. आधी हात दाखवून अवलक्षण कशाला.

यात पैशाचंही गणित आहे. रचना बसवायचा खर्च एकदाच होतो. समजा १४ जणांनी सहा रविवार चार-चार तास दिले तर ते ३३६ माणूस-तास झाले, आणि तुम्ही ते एका संध्याकाळी सव्वा तासात उडवून टाकता. तोच कार्यक्रम आठ ठिकाणी झाला तर तेच तास आठांत वाटले जातात, आणि वर प्रत्येक वेळी वादन सुधारतं ते वेगळंच. बाहेरदेशी मोठे चेंबर ऑर्केस्ट्रा करतात ते साधारण हेच, तीन-चार दिवस कसून तालीम, मग एक कार्यक्रम घेऊन गावोगाव. आणि तरी तिकिटांत भागत नाही, देणगीदार, अनुदान, प्रायोजक लागतातच, तेव्हा आपल्याला नुसत्या तिकिटावर भागेल ही आशा आजच सोडा.

आता 'नाव कशानं होतं' हे. ज्यांची नावं आपण घेतो ते बघा की. रोमचा ई म्युझिची हा ग्रुप १९५१ साली सुरू झाला, बारा माणसं, कंडक्टर नाही, आणि त्यांचं नाव झालं ते मुख्यतः विवाल्डीच्या त्याच चार ऋतूंच्या कॉन्सर्टोंवर, जे ते आयुष्यभर वाजवत राहिले. लंडनच्या अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्सची सुरुवात नेव्हिल मॅरिनर यांच्या घरच्या दिवाणखान्यातल्या तालमींतून झाली, पहिला कार्यक्रम १९५९ च्या नोव्हेंबरात त्याच नावाच्या चर्चमध्ये, मॅरिनर तेव्हा स्वतः व्हायोलिनवर बसून लीड करायचे, आणि पुढे जगभर त्यांचं नाव पोचलं ते रेकॉर्डिंगमधून. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ चा, त्यांची ओळख म्हणजे कंडक्टरशिवाय चालणारी पद्धत. ऑस्ट्रेलियन चेंबर ऑर्केस्ट्रा १९७५ चा, चेलोवाले सोडून बाकीचे उभं राहून वाजवतात, आणि ते मोठ्या शहरांबरोबर लहान गावांचेही दौरे करतात. मला यात दिसतं ते असं, की प्रत्येकाची एक गोष्ट लोकांच्या डोक्यात बसली आणि ती गोष्ट कार्यक्रमागणिक तशीच राहिली. कोण किती लांब गेलं यावरून नाव झालेलं मला यात कुठं दिसत नाही. आणि व्यवहारात, आपल्या पातळीवर, नावाची एकच खूण मी मानते: ज्यांनी एकदा बोलावलं त्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं का. तुमच्या सहा कार्यक्रमांत एखाद्या आयोजकानं पुन्हा बोलावलं असेल तर ते मला मुंबईच्या तारखेपेक्षा मोठं वाटतं.

म्हणून माझं म्हणणं, डिसेंबर ठेवा पण मुंबई काढा. आपल्याभोवतीच बघा, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, बार्शी, धाराशिव, लातूर, खाली विजयपूर आणि कलबुर्गी, बहुतेक ठिकाणी सकाळी निघून रात्री घरी येता येतं, म्हणजे खोल्यांचा खर्च शून्य. कन्नड मुलखात व्हायोलिन हे नाव तर अजिबात परकं नाही. सहा-सात ठिकाणी एकच कार्यक्रम करा, मग सोलापुरात करा, मग पुण्याला या. घरचा कार्यक्रम मुद्दाम शेवटून दुसरा ठेवायला सांगतेय, कारण घरची माणसं वाईट झालं तरी छान म्हणतात, त्यांच्यासमोर चांगलंच झालेलं बरं.

कार्यक्रम एक तासाचाच ठेवा, मध्यंतर नको. मोझार्टचा के १३६ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), त्यानं तो १७७२ मध्ये सोळाव्या वर्षी लिहिला, साधारण पंधरा मिनिटं. मग एल्गरचा सेरेनेड, बारा मिनिटांच्या आसपास. मग होल्स्टचा सेंट पॉल्स सूट, हा त्यानं तो शिकवायचा त्या मुलींच्या शाळेच्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिला होता, म्हणजे विद्यार्थ्यांना झेपतो आणि तरी बाळबोध वाटत नाही. तिन्ही मिळून चाळीस मिनिटं, बाकी बोलणं. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, एल्गर आणि होल्स्ट दोघंही १९३४ ला गेले, तेव्हा या रचनांना त्रास नाही, पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे नोटेशनचे कागद, मोफत मिळतात. ब्रिटन आणि बार्बर या रचनाकारांच्या रचना सुंदर आहेत पण त्यांचे हक्क अजून शाबूत आहेत, परवानगी आणि भाड्याचे पार्ट हे लफडं पहिल्या दौऱ्यात नको. शेवटी एखादा अभंग स्ट्रिंगवर बसवून घेतला तर लोक खूश होतात, मीही करते, पण एकच. तीन अभंग झाले की पुढच्या वेळी आयोजक म्हणतो ते इंग्रजी तेवढं गाळा.

बोलणं मात्र करा, आणि ते मराठीत. मी मोझार्टच्या आधी दोन मिनिटं घेते, फक्त व्हायोलाची ओळ वाजवून दाखवते, लोक हसतात कारण ती एकटी फारच रटाळ वाटते, मग म्हणते आता ही सगळ्यांत मिसळल्यावर शोधा. त्यानंतर समोरचे चाळीस कान तरी मधल्या आवाजाकडे लागतात. संगीत समजावून सांगायची गरज नसते, कुठं कान लावायचा एवढं सांगितलं की पुरतं.

आता आपल्या भागातली खास अडचण, 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे हिंदी-मराठी गाणी, दोन गायक, एक गायिका, ऑक्टोपॅड आणि विनोद करणारा निवेदक. एका तालुक्याच्या गावी मंडळानं आम्हाला ऑर्केस्ट्रा म्हणून बोलावलं, फोनवर सगळं ठरलं, पोचलो तर स्टेजला एलईडीच्या माळा आणि अध्यक्ष विचारतायत, गायिका मागनं येतायत का. आम्ही मोझार्ट सुरू केला. पाच मिनिटांनी एक चिठ्ठी आली, त्यात लावणीची फर्माईश. लोकांची चूक नव्हती हो, त्यांनी ज्या शब्दाला बोलावलं ते आम्ही नव्हतो. तेव्हापासून पत्रिकेवर मी 'व्हायोलिन-चेलो वाद्यवृंद' लिहिते, खाली 'गायन नाही' असं स्वच्छ, आणि फोनवर बोलून झालं तरी आठ मिनिटांचा व्हिडिओ पाठवून आयोजकाकडून 'पाहिला' असं लिहून घेते. व्हिडिओ एका दमात घेतलेला, न कापलेला, एक पूर्ण भाग. तीस सेकंदांचं रील बघून कुणी बोलावलं तर तो रीललाच बोलावतो.

हॉलबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथं बहुतेक ग्रुप मार खातात. आपली नाट्यगृहं बोलण्यासाठी बांधलेली असतात, संवाद शेवटच्या रांगेला स्पष्ट कळावा म्हणून आवाज पटकन विरतो, आणि स्टेजवर झालरी, विंगा, मागचा काळा पडदा, हे सगळं कापड तारवाद्यांचा आवाज पिऊन टाकतं. तारवाद्यांना थोडा घुमारा लागतो, सूर सोडल्यावर तो खोलीत जरा रेंगाळला पाहिजे. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध म्युझिकफेराइन हॉलमध्ये हा रेंगाळण्याचा वेळ दोन सेकंदांच्या आसपास आहे, आपल्या पडदेबंद स्टेजवर त्याच्या निम्मा मिळाला तरी नशीब. मग वादकांना वाटतं आवाज पोचत नाही, ते बो दाबतात, दाबला की आवाज खरखरतो, आणि साउंडवाला मदतीला येऊन प्रत्येकापुढे माइक ठेवून वर थोडा 'इको' देतो. झालं.

काय करायचं, तर खुर्च्या पडद्याच्या रेषेच्या पुढं, अगदी स्टेजच्या कडेपर्यंत आणायच्या, मागचा काळा पडदा सरकवून भिंत उघडी करायला सांगायचं, आणि माइक फक्त बोलण्यासाठी. हॉल अडीचशे-तीनशे माणसांपेक्षा मोठा असेल तर आधी जाऊन टाळी वाजवून बघायची. माझं तर मत असं की पहिल्या फेरीत नाट्यगृह घेऊच नका. जुनं चर्च, दगडी शाळेचा हॉल, फरशीचा आणि उंच छताचा कुठलाही दिवाणखाना, वाड्याचा चौक जर वर झाकलेला असेल तर तोही, अशा जागी १४ जण पन्नास वाटतात. आणि भाडंही कमी.

आणि पंखे! हे कुणीच सांगत नाही. आपल्याकडे हॉल म्हटला की डोक्यावर पंखे, पंखा चालू म्हणजे कागद उडणार, बंद केला तर प्रेक्षक उठणार. एका शाळेत आमच्या दुसऱ्या व्हायोलिनचं पान उलटायच्या आधीच उडून पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या मांडीवर गेलं, त्यांनी ते चष्मा लावून नीट बघितलं आणि भाग संपल्यावर अदबीनं परत आणून दिलं. तेव्हापासून माझ्या बॅगेत कपडे वाळत घालायचे चिमटे असतात, दर स्टँडला दोन. लाकडी घ्या, प्लास्टिकचे ऐन वेळी तुटतात आणि तुटताना मोझार्टच्या मधोमध टक् करून आवाज करतात.

कंडक्टर. १४ जणांना लागत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून अजिबात आणू नका, कारण कंडक्टर आला की सगळे त्याच्याकडे बघायला लागतात आणि एकमेकांचं ऐकणं थांबतं. पण 'कंडक्टर नाही' म्हणजे 'कुणीच ठरवत नाही' असं असेल तर मात्र अवघड. ऑर्फियसमध्ये प्रत्येक रचनेसाठी काही वादकांचा छोटा गट आधी बसतो, लय काय, कुठं हळू, कुठं थांबायचं हे ठरवतो, मग ते सगळ्यांपुढं येतं, आणि तालमीत कुणीतरी एक जण उठून समोर खुर्चीत जाऊन ऐकतो. हे दोन्ही तुम्हाला उद्यापासून करता येईल, फुकट. पाच जणांनी, प्रत्येक विभागाचा एक, शनिवारी बसायचं, बोइंग ठरवायचं, म्हणजे कुठल्या सुराला बो वर आणि कुठल्याला खाली, आणि ते पेन्सिलनं सगळ्या पार्टवर उतरवायचं. पेननं नाही, दुसऱ्या गावी बदलावंसं वाटतंच. रविवारी चौदांच्या चौदा मतांवर वाद घालायचा नाही.

सुरुवात कशी करायची हेही विचारलंय. श्वासानं. एल्गरच्या सेरेनेडचं उदाहरण घ्या, तो सुरू होतो तो व्हायोलाच्या एका छोट्या ठेक्यानं, व्हायोलिनं नंतर येतात. आता लीडर बसलाय पहिल्या व्हायोलिनला, आणि सुरुवात करायचीय व्हायोलांनी, मग मान कुणी हलवायची? आम्ही पहिल्या वर्षी लीडरला हलवायला लावली, आणि दरवेळी व्हायोलाचा पहिला सूर केसभर उशिरा यायचा, कारण आम्ही त्याच्याकडे बघून मग वाजवत होतो. मग ठरलं की पहिल्या व्हायोलावालीनं नाकानं श्वास घ्यायचा, ज्या लयीत वाजवायचंय त्याच लयीत, आणि लीडरनं गप्प बसायचं. सरावासाठी पाठी एकमेकांकडे करून बसा आणि नुसत्या श्वासाच्या आवाजावर सुरू करून बघा. पहिले वीस प्रयत्न फसतील, हसू येईल, एकविसावा जमेल.

आता सगळ्यात नाजूक विषय, बदली वादक. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनचे चौदा जण असतात, एखादा आला नाही तर कुणाला कळत नाही. तुमच्याकडे ४ पहिली व्हायोलिन, ४ दुसरी, ३ व्हायोला, २ चेलो, १ बेस (यातलं सगळ्यात मोठं, खालच्या आवाजाचं वाद्य) असं लिहिलंय. त्यात एक व्हायोला बदलला म्हणजे तो आवाज एक तृतीयांश बदलला. माझे वडील यंत्रमागावर होते, ते म्हणायचे उभा धागा तुटलेला लक्षात आला नाही तर चादरीत शेवटपर्यंत रेघ पडते. तसंच होतं, लोकांना व्हायोला गेलाय हे कळत नाही, काहीतरी पातळ झालंय एवढं कळतं. आणि दोन चेलोंचं तर फारच जपा, कारण एकाच ओळीवर दोघं असणं हे तिघांपेक्षा अवघड, तिघांत सुराची बारीकसारीक फारकत मिसळून जाते, दोघांत ती उघडी पडते. त्यांना वेगळी तालीम द्या, नुसत्या लांब सुरांची.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हे कबूल करते. तुमच्यात किती जण नोकरीवाले, किती विद्यार्थी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बारावीची पोरं असतील तर डिसेंबर वाईट, जानेवारी त्याहून वाईट, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते तेव्हा गावात कार्यक्रमाला गर्दी तर होईल पण हॉल आणि माणसं दोन्ही मिळायची नाहीत. सगळे हौशी असतील तर शनिवार-रविवारच चालेल, म्हणजे सात कार्यक्रमांना सात आठवडे गेले, मग पुणे फेब्रुवारीत. तेही बरंच आहे, ऊन वाढायच्या आत आटपतं.

उन्हाचं सांगायचं तर, आपली हवा कोरडी आणि मुंबईची दमट, आणि वाद्य लाकडाचं. आपल्याकडे खुंट्या सैल पडून सुटतात, बोचे केस आखडतात म्हणून वाजवून झाल्यावर बो ढिला करायलाच हवा. मुंबईत उतरलं की लाकूड फुगतं, खुंटी अडकते, बोचे केस ढिले होतात, आवाज पांघरूण घेतल्यासारखा येतो. म्हणून मुंबईला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोचायचंच, वाद्यालाही एक रात्र झोप लागते. बंद गाडीत उन्हात वाद्य ठेवून जेवायला जाऊ नका. व्हायोलिनचे जोड सरसानं चिकटवलेले असतात, तापलं की तो सरस मऊ पडतो. आमच्यातल्या एकीचा व्हायोला असाच टेंभुर्णीजवळ ढाब्यावर तासभर डिकीत राहिला आणि पुण्यात केस उघडली तर खालचा जोड तोंड उघडून बसलेला. ती संध्याकाळ तिनं उसन्या वाद्यावर काढली, सरस सुकायला दिवस लागतो.

प्रवासाला पुण्यापर्यंत वीस सीटर टेम्पो ट्रॅव्हलर उत्तम, मागच्या दोन सीट काढून बेस आडवा, चेलो सीटवर बेल्ट लावून. सकाळची हुतात्मा स्वस्त आहे, पण बेस घेऊन रेल्वेत चढणं आणि तो ब्रेक व्हॅनमध्ये पार्सल म्हणून टाकणं, दुसरं तर मी शत्रूलाही सांगणार नाही. विमानात चेलोला स्वतःचं तिकीट काढावं लागतं, म्हणून गोव्याचं मनात असेल तर गाडीनंच. पुण्यात दोन दिवस म्हणजे तुम्ही १४ आणि व्यवस्थेचा एक, पंधरा माणसं, आठ खोल्या, रोजची पंचेचाळीस जेवणं-नाश्ते, गाडी आणि ड्रायव्हर. हा आकडा आधी कागदावर मांडा आणि आयोजकाकडून मानधन कमी मिळालं तरी प्रवास, राहणं, जेवण हे तीन लेखी घ्या. आणि वाजवणाऱ्यानं व्यवस्था बघायची नाही. मी बघायचे, म्हणून सांगते, पहिला भाग वाजवताना माझ्या डोक्यात रात्रीच्या भाकऱ्या सांगितल्या का हेच असायचं.

माणसं दमतात, घरची वाट बघतात, हे विसरू नका. हायडनची १७७२ ची एक सिम्फनी आहे, राजपुत्र एस्टरहाझी उन्हाळी महालात मुक्काम लांबवत बसला आणि वादकांना घरी जाता येईना, तेव्हा हायडननं शेवटचा भाग असा लिहिला की एकेक वादक मेणबत्ती विझवून उठून जातो, शेवटी दोनच व्हायोलिन उरतात. राजपुत्राला कळलं, दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला म्हणतात. तुमच्या ग्रुपमध्ये हायडन नसेल, तेव्हा चौथ्या दिवशी कुणाचं तोंड उतरलंय हे तुम्हालाच बघायला लागेल.

इथवर लिहिलेलं पटकन परत सांगायचं तर, एकच तासाचा कार्यक्रम, सोलापूरच्या आसपास सहा-सात वेळा, लहान घुमणाऱ्या जागा, तेच चौदा लोक, कंडक्टर नको पण पाच जणांची ठरवणारी बैठक हवी, मग पुणे, आणि मुंबई पुढच्या वर्षी कुणी बोलावलं तर.

बातमी आणि सत्काराबद्दल दोन शब्द. तुम्ही 'प्रसिद्धी कशी मिळवायची' असं विचारलंय. आपल्याकडे बातमी येते ती दीपप्रज्वलनाची, फोटोत पाहुणे, तुम्ही मागे. तिच्यात वाईट काही नाही, पुढच्या आयोजकाला कात्रण दाखवायला उपयोगी पडते, पण तिला समीक्षा समजू नका. आणि शाल-श्रीफळ, भाषणं कार्यक्रमाच्या आधी होऊ देऊ नका, सुरात लावलेली वाद्यं स्टेजवरच्या दिव्यांखाली चाळीस मिनिटं पडली की चौदाच्या चौदा परत लावायला लागतात आणि हात गार पडतात ते वेगळं. नम्रपणे सांगायचं, सत्कार शेवटी. पाहुण्यांना घाई असेल तर एल्गर झाल्यावर, होल्स्टच्या आधी. रचनेच्या मध्ये मात्र नाही, हे एकदा घडलंय, दुसरा भाग संपून शांतता होती तेवढ्यात माइकवर नाव पुकारलं.

लोक भागांच्या मध्ये टाळ्या वाजवतात म्हणून तुमचा लीडर नाराज होतो असंही लिहिलंय. त्याला सांगा, मोझार्टनं १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय, त्यात सिम्फनी चालू असताना मधेच एका जागी टाळ्या पडल्या याचा त्याला केवढा आनंद झाला ते आहे, ती जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. बार्शीत कुणी के १३६ च्या पहिल्या भागानंतर टाळी दिली तर मान लवून घ्यायची, कपाळाला आठी नको.

आता मला तीन गोष्टी कळवा. तुमच्या तीन व्हायोलांपैकी किती कायमचे आहेत आणि किती व्हायोलिनवाल्यांना तेवढ्यापुरतं बसवलंय. बेस स्वतःचा आहे का कुठल्या बँडवाल्याकडून आणता, आणला असेल तर त्याच्या तारा कधी बदलल्यात. आणि रविवारची तालीम किती वाजता असते. मी रेल्वे लाइन्सला राहते, एखाद्या रविवारी व्हायोला घेऊन येते आणि तिसऱ्या खुर्चीवर मागे बसते, एल्गरची सुरुवात श्वासावर लावून बघू. चिमटे माझ्याकडचे आणते.